पांढऱ्या पुठ्ठ्याची अट

"सुभेदार, हलू नका. टेप डोळ्यात जाईल."

सुभेदार इंगवले दोन्ही हात ताणून, पिस्तूल समोर रोखून, श्वास धरून उभे होते. मी शिवणाच्या टेपचं एक टोक त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कडेला धरलं होतं आणि दुसरं पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या बारक्या उंचवट्यापर्यंत नेत होते. त्या उंचवट्याला ते माशी म्हणायचे.

"सत्तावीस इंच," मी म्हणाले. "आता कळलं माझं कुठे चुकत होतं ते. मी तुम्हाला पेपर वाचायचा चष्मा देत होते. तुम्हाला पेपर कुठे वाचायचाय?"

"तेच तर दोन महिने सांगतोय की ताई," सुभेदार हात खाली घेत म्हणाले. "समोरचा पुठ्ठा धूसर दिसंना का. माशी तेवढी लख्ख पाहिजे."

जयसिंगपुरात आमचं, मगदूमांचं, चष्म्याचं दुकान आहे. नवरा भरतेश बाहेर गल्ल्यावर, आणि मी आत अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवत. "हे स्पष्ट की ते? पहिलं की दुसरं?" हीच दोन वाक्यं मी सोळा वर्षं बोलत आले होते. लांबचं धूसर दिसलं तरी चालेल म्हणणारं गिऱ्हाईक उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे सुभेदारांचे दोन चष्मे परत आल्यावर मी चक्क टेप घेऊन त्यांच्या अड्ड्यावर जाऊन थडकले.

अड्डा म्हणजे उदगाव रस्त्याकडची तंबाखूची जुनी वखार. तंबाखू जाऊन दहा वर्षं झाली होती, वास काही गेला नव्हता. नवा माणूस आत आला की पाच-सहा शिंका दिल्याशिवाय त्याला नाव सांगता येत नसे. फौजेतून निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी तिथे पंधरा-वीस माणसं जमवून प्रॅक्टिकल शूटिंगचा क्लब काढला होता. पिस्तुलं गॅसवर चालणारी, शिशाचे छर्रे उडवणारी, पण वजन आणि ठेवण अस्सल. एका जागी शांत उभं राहून नेम धरायचा हा खेळ नव्हे. बीप वाजली की कमरेचं पिस्तूल काढायचं आणि पिंपाआडून, खिडकीतून, पळता पळता तपकिरी पुठ्ठे आणि लोखंडी पत्रे टिपत सुटायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. नुसता नेम असून उपयोग नाही आणि नुसती घाई असूनही नाही.

"आलाच आहात तर एक मारून बघा की," सुभेदार म्हणाले.

"मी? अहो, आम्ही जैन. आमच्याकडे झुरळसुद्धा सुपात घेऊन बाहेर सोडतात."

"मग सोडा की. हितं झुरळ न्हाई. पत्रा हाय."

त्यांनी मला जाड काचांचा चष्मा घातला, पिस्तूल कसं धरायचं ते दाखवलं, समोर सात-आठ पावलांवर बशीएवढा गोल पत्रा उभा केला. मी माशी पाहिली. खरोखरच, माशी लख्ख दिसली की पत्रा आपोआप धूसर होतो. इतकी वर्षं मी डोळे विकून खाल्ले आणि हे मला कळलं नव्हतं. मी चाप ओढला. ठण्ण! पत्रा मागे उलटा पडला.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. लहानपणी झोका सगळ्यात वर गेल्यावर व्हायचं तसं झालं. मी एक्केचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि मी किंचाळले.

"मारलं! सुभेदार, मारलं की हो मी!" आणि आनंदाच्या भरात गर्रकन मागे वळले. हातातलं पिस्तूलही अर्थातच माझ्याबरोबर वळलं.

मागे बाकावर सहा जण चहा पीत बसले होते. पुढच्या क्षणाला बाकावर नुसते कप उरले.

"तोंड!" सुभेदारांचा आवाज पत्र्याच्या छताला जाऊन आदळला. "पिस्तुलाचं तोंड पुढं! कायम पुढं! घरात आग लागली तरी पुढं!"

बाकाखालून सगळे एकेक करून बाहेर आले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. सुभेदारांनी माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि एक चिकटपट्टीचा रोल दिला.

"सामन्यात हे केलं असतंत तर तिथल्या तिथं घरी पाठवलं असतं. हितली शिक्षा येगळी. दोन आठवडे पट्ट्या."

पट्ट्या ही या खेळातली रीतच आहे. एकाचं मारून झालं की बाकीचे सगळे पुढे जातात. पंच प्रत्येक पुठ्ठ्याची भोकं मोजतो, आणि मोजून झाल्यावर भोकांवर पट्ट्या चिकटवून पुठ्ठा पुढच्या माणसासाठी कोरा करायचा. तपकिरी पुठ्ठ्याला तपकिरी पट्टी, पांढऱ्याला पांढरी. आपल्याला हरवायला आलेल्या माणसाची भोकंही आपणच बुजवायची. नियम एकच: पंचाने मोजल्याशिवाय पट्टी लावायची नाही. कुणी आधीच लावली तर किती लागले आणि किती नाही हे कुणाला कळणार? मग ती सगळी फेरी रद्द होते आणि त्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून मारावं लागतं.

दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असतं. ते दोन आठवडे मी एक ते चार पट्ट्या चिकटवल्या. घरी काय सांगितलं? "सुभेदारांच्या नंबरचं काम चाललंय." पंधराव्या दिवशी पिस्तूल पुन्हा हातात आलं आणि माझं जे काही थोडंफार डोकं होतं तेही ठिकाणावर राहिलं नाही.

या खेळात मारण्याआधी प्रत्येकाला पुठ्ठ्या-पत्र्यांची मांडणी फिरून बघायला देतात. मोठमोठी माणसं, त्यात एक कॉलेजचे प्राध्यापक आणि एक दाताचे डॉक्टर, डोळे अर्धे मिटून, रिकामं बोट पुढे रोखून, "इथे दोन, इथे दोन, वळ, तीन पावलं, इथे एक" असं पुटपुटत हवेत चालत असतात. बाहेरच्याने पाहिलं तर वाटावं, वेड्यांची सहल आलीय. ती सवय मला घरी लागली. फ्रिजपासून देव्हाऱ्यापर्यंत चार पावलं. डाळीच्या डब्याला दोन, पिठाच्या डब्याला दोन, खिडकीतून वाकून कुकरला एक. असंच एकदा मी कुकरवर बोट रोखून उभी असताना मागून आवाज आला.

"भरतेश! हिला दाखव बाबा कुणाला तरी."

दारात सासूबाई उभ्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांची सत्तरी उलटलेली. पहाटे देवळात पूजा, पाणी गाळून, दोन्ही जेवणं उजेडात. आणि खोटं बोलणं हा प्रकार त्यांना जमतच नसे. पुतण्याच्या लग्नात वरमायेने "नवरी कशी वाटली?" असं विचारल्यावर भर मांडवात त्यांनी "नाक बसकंच हाय, पण पोरगी गुणाची" असं खणखणीत सांगितलं होतं. अशा बाईपुढे थाप मारायला जीभ उचलत नाही. मी सगळं सांगून टाकलं, बाकाखाली गेलेल्या सहा जणांसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आत्या पायात चप्पल घालून दारात उभ्या. "चल. दाखव मला."

वखारीत त्यांनी अकरा शिंका दिल्या. मग बाकावर बसून माझा खेळ अर्धा तास बघितला. सुभेदारांनी त्यांना खुर्ची दिली, ती नको म्हणाल्या. नंतर उठून सरळ पुठ्ठ्यांपाशी गेल्या.

"ह्ये तपकिरी मारायचं. मग त्याच्याम्होरं ह्ये पांढरं कशाला?"

"ते निरपराध, अक्का," सुभेदार म्हणाले. "म्हंजे आपलं गर्दीतलं माणूस समजायचं. ह्याला मारायचं न्हाई. लागलं तर गुण कापत्यात."

"किती?"

"धा."

आत्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. "निरपराधाचं फकस्त धा?"

बत्तीस वर्षं फौजेत काढलेला तो माणूस आपला चष्मा पुसत राहिला.

"ऐक त्रिशला," आत्या माझ्याकडे वळल्या. "पुठ्ठ्यात जीव न्हाई, एवढं मला कळतंय. तपकिरीला काय मारायचं ते मार. पण ह्या पांढऱ्याला तुम्ही आपल्या तोंडानं निरपराध म्हणताय. मग त्याला एक जरी छर्रा लागला, तर त्या दिवसापासनं ह्ये बंद. मुद्दाम मारलास काय आन् चुकून मारलास काय."

"आत्या, शिकताना तर लागतंच हो."

"शिकताना चुकू दे. सामन्यात न्हाई. आन् लागलं का न्हाई, ते मी सोता येऊन बघणार."

मी हो म्हणाले. दुसरा रस्ता नव्हता. सामना दोन महिन्यांवर होता, तासगावजवळ, आणि मी आतापर्यंत किती पांढरे मारले होते ते माझं मलाच ठाऊक होतं. तेवीस.

ते दोन महिने मी त्या खेळात अशी बुडाले की विचारू नका. रात्री डोळे मिटले की माशी दिसायची. गिऱ्हाइकाला "पहिलं की दुसरं?" विचारताना मनात "वळ, तीन पावलं" चालायचं. माझ्या हातून पळताना चाप ओढला जाऊ नये म्हणून सुभेदारांनी माझ्या बोटाला आठवणीचा लाल दोरा बांधला; तो दोरा बघून दुकानात एका बाईंनी "कसलं व्रत धरलंय?" म्हणून विचारलं, आणि मी "कडक आहे हो" एवढंच म्हणाले. पांढऱ्यांची संख्या कमी होत होत आठवड्याला चारवर आली. मग दोनवर. शून्यावर काही येईना. मला ठाऊक होतं माझं कुठे बिघडतं ते. सगळं नीट जमायला लागलं की मला आनंद होतो, आनंद झाला की पाय थांबत नाहीत, आणि पाय थांबले नाहीत की माशी सरकते.

"ताई, तुम्ही दुःखी राहून मारत जावा," सुभेदार एकदा वैतागून म्हणाले.

"प्रयत्न करते," मी म्हणाले, आणि हसायला लागले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सुभेदारांच्या जीपमधून निघालो. भरतेश दुकान आणि मुलं सांभाळायला मागे राहिला. आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर गाळलेल्या पाण्याचा तांब्या. मैदान म्हणजे एक बंद वीटभट्टी होती. मातीचे उंच बांध घालून चार मांडण्या केलेल्या, एक्केचाळीस स्पर्धक. बायका तीन, आणि नुसतं बघायला आलेल्या आत्या एकट्याच.

"अक्का, नुसतं बसून काय करताय? ह्ये घ्या," असं म्हणत सुभेदारांनी पांढऱ्या पट्ट्यांचा रोल त्यांच्या हातात दिला. "पांढऱ्याचं खातं तुमच्याकडं. पर ध्यानात ठेवा, पंचानं मोजल्याबिगर पट्टी न्हाई."

तासाभरात त्या मैदानाच्या मालकीण झाल्या. पदर खोचून, गळ्यात रोल अडकवून प्रत्येक फेरीनंतर पुठ्ठ्यांपाशी जात होत्या. पट्टी इतकी सफाईने लावायच्या की बोट फिरवलं तरी कळू नये. दाताच्या डॉक्टरांनी पांढऱ्याला दोन मारले, तेव्हा भोकावर पट्टी लावता लावता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दात बी असंच उपटताय का? शेजारचा?" डॉक्टर लाजून पाणी झाले.

दुसऱ्या मांडणीवर एका तरुण मुलीने घाईघाईने मोजण्याआधीच पट्टी लावली. पंचाने फेरी रद्द केली, मारणाऱ्याला पुन्हा उभं केलं. आत्यांनी त्या मुलीचं बकोट धरून तिला समजावलं. त्यानंतर प्रत्येक फेरीला पुठ्ठ्यांकडे जाताना त्या मोठ्याने ओरडायच्या, "मोजल्याबिगर पट्टी न्हाई!" पंचांनी ओरडायचं सोडूनच दिलं. कऱ्हाडचा एक तरुण पंच तर हात जोडून म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी तुम्हीच या पंच म्हणून."

माझ्या पहिल्या तीन मांडण्या स्वच्छ गेल्या. वेळ काही फार चांगला नव्हता, पण पांढऱ्याला धक्का नाही. प्रत्येक वेळी आत्या आधी पांढऱ्यापाशी जायच्या, चष्मा वर-खाली करून निरखायच्या, आणि माझ्याकडे बघून मान हलवायच्या. मी सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या मांडणीकडे जायचे.

चौथी मांडणी सगळ्यात लांब. पिंपांमागून सुरुवात, मग दोन भिंती, एक अरुंद बोळ, आणि शेवटी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक चौकोनी भोक. त्यातून वाकून दोन तपकिरी पुठ्ठे मारायचे, आणि त्या दोघांच्या मधोमध, दोघांना अर्धं झाकून, एक पांढरा. माझं ठरलं होतं. भोकापाशी थांबायचं. श्वास. माशी. डावीकडे दोन, श्वास, उजवीकडे दोन.

"आर यू रेडी?" कऱ्हाडच्या पंचाने विचारलं. मी मान हलवली. "स्टँड बाय."

बीप.

पहिला पत्रा पडला. दुसरा पडला. पिंपांमागून निघाले, भिंतीशी पोचले, दोन-दोन-दोन, आणि हातात पिस्तूल आहे की नाही हेच मला जाणवेना, इतकं सगळं आपोआप होत होतं. छर्ऱ्यांची रिकामी मॅगझिन पडली, नवी चढली, पाय धावत होते. बोळात शिरताना मला स्वतःचं हसू ऐकू आलं. खरंच हसत होते मी, मोठ्याने. मागून सुभेदार ओरडत होते, "चला ताई, चला!" मी भोकापाशी पोचले, वाकले, आणि थांबले नाही. चार छर्रे एका दमात गेले.

तिसरा सुटताना माशी पांढऱ्यावर होती. लख्ख दिसली.

टायमरवर एकोणीस सेकंद. आमच्या क्लबातल्या कुणालाही एवढा कमी वेळ लागला नव्हता. सुभेदारांनी टोपी हवेत उडवली. मी पिस्तूल रिकामं करून पंचाला दाखवलं, कमरेला लावलं, आणि तिथेच उभी राहिले. एक एक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली: उद्या दुपारी एक वाजता दुकान बंद होईल आणि मी घरी जाऊन झोपेन. परवाही. अंधारी खोली, पहिलं की दुसरं, आणि बस. मला रडू यायला लागलं. जाड काचांच्या चष्म्यात पाणी साचलं तर पुसताही येत नाही.

पंच जवळच्या पुठ्ठ्यापासून मोजत निघाला. आत्या मात्र त्याला ओलांडून सरळ शेवटी गेल्या होत्या, पांढऱ्यापाशी. त्या खाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मी नजर वळवली.

"आजी! अहो आजी!" पंचाचा आवाज चढला. "हे काय केलंत?"

मी पाहिलं. आत्यांच्या हातात रोल, अंगठ्याला पट्टीचा तुकडा चिकटलेला. त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर पट्टी लावली होती. आणि शेजारच्या दोन्ही तपकिरी पुठ्ठ्यांवरही, कुणाच्या तरी रोलमधून फाडून घेतलेल्या पट्ट्या. तिन्ही पुठ्ठे कोरे.

सगळे जमा झाले. सकाळी जिचं बकोट धरलं होतं ती मुलगी तोंडाचा आ करून बघत होती.

"आजी, मी मोजलं नव्हतं अजून," पंच म्हणाला. "पांढऱ्यावर भोक होतं का?"

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग पुठ्ठ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मला जरा कमी दिसतंय बाळा," त्या म्हणाल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिन्यापूर्वीच त्यांचे डोळे मी स्वतः तपासले होते. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी वाचली होती, शिवाय त्या ओळीखाली छापखान्याचं नाव असतं तेही.

सुभेदार खोकला आल्यासारखं करून बाजूला गेले. पंचाने कपाळावर हात मारला, कागदावर रेघ ओढली. "फेरी रद्द. मगदूमताई, पुन्हा मारावं लागेल. पाच मिनिटांत तयार व्हा."

मी पुन्हा मारलं. एक पत्रा तर तीन वेळा चुकला. बोळात मी चालत गेले, अक्षरशः चालत. भोकापाशी थांबले. श्वास घेतला. माशी पाहिली. दोन. श्वास. दोन. एकतीस सेकंद. या वेळी आत्या हात मागे बांधून पंचाच्या मागे मागे चालत होत्या. पांढऱ्यापाशी पोचल्यावर पंचाने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. एक्केचाळिसात माझा नंबर चौतिसावा आला. सुभेदारांनी पेढे वाटले. का वाटले, ते त्यांनाच ठाऊक.

जीपमध्ये सुभेदारांसमोर मला काही विचारता येईना. सूर्य मावळायला अर्धा तास असताना घरी पोचलो. आत्या हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आल्या, तशी मी भाकरीच्या तव्यापाशी त्यांना गाठलं.

"आत्या, पांढऱ्याला लागलं होतं."

"ठावं हाय. मधोमध हुतं."

"आणि पट्टी आधी लावली की काय होतं, तेही तुम्हाला..."

"सकाळपासनं चाळीस जणांस्नी वरडून सांगितलाय तो नियम. मला न्हाई ठावं तर कुणाला?"

"मग अट?"

त्यांनी भाकरी उलटली. "अट सामन्यातली हुती. ती फेरी पंचानं धरलीच न्हाई." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पळत हुतीस तवा तुझं तोंड बघितलं मी. ह्या घरात येऊन सतरा वर्सं झाली तुला. असं तोंड न्हवतं बघितलं. मला काय ठावं, तुला एवढं हसता येतंय ते."

तव्यावर भाकरी फुगली.

"पर दिसत न्हाई म्हणाले, ते खोटं झालं," त्या म्हणाल्या. "त्येचं प्रायश्चित्त घ्याया पायजे. वर्सभर गूळ बंद. भरतेशला सांगू नकोस, उगं विचारत बसंल."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. त्या सामन्यानंतर मी किती मांडण्या पळाले, किती पांढरे चुकवले आणि किती नाही, याची गणती आत्यांनी पुन्हा कधी मागितली नाही. पण मला आठवतं ते त्या संध्याकाळचं जेवण. बाहेर अजून उजेड होता. ताटात गरम भाकरी, शेवग्याची आमटी, गूळ आणि तूप. आत्यांनी गुळाचा खडा उचलून भरतेशच्या ताटात टाकला.

"आई, गूळ का नको?" भरतेशने विचारलंच. "तू तर गुळाशिवाय जेवत नाहीस."

"गुळानं डोळ्यांस्नी तरास हुतोय," आत्या म्हणाल्या.

त्यांनी घास मोडला, तोंडाजवळ नेला, आणि तिथेच थांबल्या. मग एक सुस्कारा टाकून त्यांनी तुपाची वाटीही उचलली आणि भरतेशच्या पुढ्यात सरकवली.